कपातला ब्रश

११ जानेवारी, रविवार

आज सॅलडचं अर्धं पातेलं तसंच परत आलं. जेवायला मुलीच कमी होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या तिघी तापाने झोपल्या आहेत आणि एकीला तिचा भाऊ येऊन घरी घेऊन गेला. रेक्टरबाई स्वयंपाकघरात आल्या, जरा इकडेतिकडे घुटमळल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आपल्याकडचं काही बाधलं नसेल ना?"

मला हसू आलं. या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नाकावर माशी बसू देत नाही मी, ताटावर कुठली बसू देणार. मुली बाहेर वाट्टेल ते खातात आणि मग ताप आला की आमच्याकडे बोट. मी तसं सांगितलं. बाईंना पटलं असावं.

मुली पाठीमागे मला साबणमावशी म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. आचारी शिजवतो, बुटकी चिरते आणि भांडी घासते, कोठीची किल्ली माझ्याकडे. देखरेख माझी. सॅलड मात्र मी कुणाला करू देत नाही. काकडी, गाजर, कोबी, वर लिंबू आणि मीठ, एवढंच असतं, पण चमच्याने कालवलं की काकडी चेंगरते आणि पाणी सुटतं. हलक्या हाताने, बोटांच्या टोकांनी कालवायचं असतं. त्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने, आणि नखं ब्रशने. तो ब्रश बेसिनवर कपात असतो, ब्लीचच्या पाण्यात बुडवलेला. दर सोमवारी मी पाणी बदलते. आचारी असो, बुटकी असो, संडासातून आलेला माणूस आधी त्या ब्रशने नखं घासणार आणि मगच आत पाऊल टाकणार. हा नियम माझा. दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघरात असा नियम असेल तर मला दाखवा.

काल तळलेलं खाल्लं, त्याचं आज पित्त झालंय. उजव्या बरगडीखाली कळ येते आणि मागे पाठीत जाते. नेहमीची गोळी घेतली.

१९ जानेवारी, सोमवार

टायफॉईड. सात मुलींच्या रक्तात सापडला. मुलींचे आईवडील ऑफिसच्या बाहेर उभे. एक गृहस्थ माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आधी या लोकांना हाकला." या लोकांना! अंगाचा तिळपापड झाला, पण आत निघून गेले. त्यांची मुलगी दवाखान्यात आहे, माझी नाही.

छोटी आज जेवताना म्हणाली, "मावशी, तू तोंड एवढंसं करून बसू नकोस. तुझ्या स्वयंपाकघरात जंतूसुद्धा हात धुतल्याशिवाय शिरत नसेल." ती असली की घरात जरा हसणं होतं. छोटी माझ्या ताईची मुलगी. ताई गेली, हिच्या वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि ही माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या कमरेएवढी होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि तरी छोटीच. तिचं कॉलेज वसतिगृहाच्या मागेच आहे, म्हणून दुपारची ती आमच्याकडेच जेवते. जगात सगळे मला मावशी म्हणतात. खरी मी हिच्या एकटीचीच.

२१ जानेवारी, बुधवार

सरकारी प्रयोगशाळेतून एक बाई आली. वयाने लहान, खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत कापूस लावलेल्या काड्या. मी तिचं नाव मनातल्या मनात काडीवाली ठेवलं. तिने काहीच सोडलं नाही. नळाच्या तोंडात काडी, फ्रिजच्या रबरात काडी, मोरीच्या जाळीत, पाण्याच्या टाकीत, चिरायच्या फळ्यांवर. मी डोळ्यांत तेल घालून तिच्या मागे मागे फिरत होते. तिने काही ओलं करून ठेवलं की पुसायला फडकं हवं ना हातात.

फळीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे हात फिरवा. बुळबुळीत लागतंय?"

लागत होतं. सुरीच्या चरांमध्ये. मला फार लाज वाटली आणि बुटकीचा राग आला.

"रोज ब्लीच मारतो आम्ही," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगते. जंतू आधी एखाददुसरा येऊन नुसता टेकतो. जागा पसंत पडली की घट्ट चिकटतो आणि मग स्वतःभोवती चिकट बुळबुळीत थर तयार करतो. त्या थरात बाकीचे येऊन राहतात, वाढतात. वरून ब्लीच ओतलंत की वरचे मरतात, आतल्यांना पत्ताही लागत नाही. मधूनच त्यातला एखादा तुकडा सुटतो आणि पाण्याबरोबर, अन्नाबरोबर पुढे जातो."

"म्हणजे घासायचं."

"घासायचं आणि कोरडं करायचं. जे कायम ओलं असतं तिथे त्यांचं फावतं."

घासायचं म्हणे. मला! मी नखांचा ब्रश एप्रनच्या खिशातून काढून तिला दाखवणार होते, की बघ बाई, आमच्याकडे बोटंसुद्धा अशी घासली जातात. मग म्हटलं, जाऊ दे. कपाची जागा तिच्या पिशवीने अडवली होती म्हणून ब्रश मी ती आल्या आल्याच उचलून खिशात टाकला होता. एप्रन ओला झाला तेवढा.

जाताना तिने सगळ्यांना डब्या दिल्या. शौचाचे नमुने. प्रत्येकाने तीन वेगवेगळ्या दिवशीचे द्यायचे. आचारी डबी हातात धरून असा उभा होता की जणू कुणी त्याला मडकं घेऊन पाणी आणायला पाठवलंय आणि विहीर सापडत नाहीये.

३० जानेवारी, शुक्रवार

नमुने सगळ्यांचे चांगले आले. माझाही. मी एकच दिला. पहिलाच स्वच्छ आला तर पुढचे दोन कशाला? मी काही शिजवत नाही, आणि या वयात रोज उठून डबी घेऊन जाणं मला जमायचं नाही. रेक्टरबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं काय मावशी, तुमच्यावर कोण शंका घेणार."

फळ्यांवर साधे जंतू निघाले, टायफॉईडचे नाहीत. तरी सगळ्या फळ्या टाकून दिल्या. टाकी उपसली. आणखी चार मुली आजारी. मला झोप नीट लागत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज बुटकीला काढलं.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. आईवडिलांनी रेक्टरबाईंच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या होत्या. कुणीतरी जायलाच हवं होतं. आचारी गेला तर शिजवणार कोण? बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, फळ्या तिच्याकडे होत्या. बुळबुळीत फळ्या. आणि नखं वाढलेली असतात तिची, मी शंभरदा टोकलंय.

बुटकी रडली नाही. एप्रन काढून घडी घातली आणि म्हणाली, "माझे तिन्ही नमुने चांगले आलेत, मावशी."

"ते खरं गं. पण लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना मी सांगेन," ती म्हणाली. जाताना सवयीने बेसिनपाशी गेली, कपातला ब्रश काढला, नखं घासली आणि ब्रश परत कपात ठेवला. बाहेर जाताना हात कशाला धुवायचे? सवय, दुसरं काय. मला ते बघवलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फळ्या नव्या, आचारी तोच, सॅलड मी दुप्पट काळजीने केलं. आज सॅलडच्या आधी ब्रशने दोनदा घासले हात. बोटांची कातडी सोलवटलीय. कामावर आहे तोवर माझ्या हातून हयगय होणार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

छोटीचं अंग तापलंय. अभ्यासाने झालं असेल. डोकं दुखतं म्हणते. कपाळावर ओली पट्टी ठेवली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टायफॉईडच आहे. दवाखान्यात ठेवलंय. मी रजा टाकली. रेक्टरबाई म्हणाल्या, सॅलड तोपर्यंत बंदच ठेवू, तुमच्याशिवाय कुणाला जमणार. तेवढ्यातही मला बरं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली.

बुटकीने हे माझ्या घरात आणलं. असंच मनात येतं सारखं. तिच्या हातचं चिरलेलं छोटीने रोज खाल्लं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आणली. ताप उतरलाय. गालफडं बसलीत, पण डोळे तिचेच आहेत. औषध अजून चालू ठेवायचं आहे, जेवण मऊ. पपई, केळं हाताने कुस्करून भरवते. ती म्हणते, "मावशी, मी काय तान्ही आहे?" आणि तोंड उघडते.

ब्रश वसतिगृहातून घरी आणलाय, माझ्या सवयीचा. कपही. भरवण्याआधी माझे हात आणि तिचेही. ती पडल्या पडल्या हात पुढे करते, मी एकेक नख घासते. "राणीसरकारांची मालिश चाललीय," म्हणते. लहानपणी शाळेतून आली की असाच हात पुढे करायची.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रेक्टरबाईंचा फोन. वसतिगृहात नवीन ताप एकही नाही. आधीच्या सगळ्या बऱ्या होतायत. फक्त दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकीजवळची मुलगी, जी सगळ्यांत आधी पडली, तिने हे वर्ष सोडलं. "बघा मावशी," बाई म्हणाल्या, "बुटकी गेली आणि ताप गेला. लागण झाल्यावर ताप दिसायला दोनेक आठवडे जातात म्हणे, म्हणून मधल्या दोन-तीन झाल्या. तुमचा अंदाज बरोबर होता."

ऐकून फार हलकं वाटलं. इतके दिवस मनाला खात होतं ते संपलं. छोटीला सांगितलं. ती म्हणाली, "पण बुटकीमावशी तर इतकी टापटिपीची होती." मुलीचा जीव साधा आहे.

दुपारी परत कळ. ही जरा मोठी होती, पलंगाची कड धरून उभी राहिले. छोटी घाबरली. म्हटलं, अगं पित्त आहे, माझं आणि त्याचं जुनं नातं. "डॉक्टरला दाखव." दाखवीन, तू उभी राहिलीस की.

३ मार्च, मंगळवार

आज ती गॅलरीपर्यंत चालली. खालच्या दुकानाच्या पायरीवर मांजर झोपलं होतं ते बराच वेळ बघत होती. संध्याकाळी सॅलड मागितलं. डॉक्टरांनी कच्चं नको म्हणून सांगितलंय. पण इतक्या दिवसांनी तोंडाला चव आलीय. काकडीची साल काढली, बिया काढल्या, अगदी चिमूटभर कालवून दिली. बोटं चाटली तिने.

८ मार्च, रविवार

ताप परत आला.

११ मार्च, बुधवार

आतड्याला भोक पडलं होतं. काल पोट दुखायला लागलं ते थांबेचना, पोट लाकडासारखं झालं. दवाखान्यात नेली, तिथून सरळ ऑपरेशनला. आतड्याचा तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर हाती लागली नसती. आता काचेच्या आत आहे. मला आत जाऊ देत नाहीत. नळ्या दिसतात आणि हात दिसतो, चादरीवर पालथा पडलेला.

ताई, मी तुला काय तोंड दाखवू? तू माझ्या ओटीत टाकलेली पोर मी सांभाळू शकले नाही. सगळं घासलं, सगळं धुतलं. कुठून आलं हे?

१४ मार्च, शनिवार

आहे. कालच्यापेक्षा बरी आहे, नर्स म्हणाली. डोळे उघडले. मला हाक मारली नाही, पण माझ्याकडे बघितलं. इथे तिला खायला-प्यायला काहीच देत नाहीत, सगळं सलाईनमधून. मी नुसती बाकावर बसून असते. हातांना काम नाही.

१६ मार्च, सोमवार

काडीवाली दवाखान्यात आली. मला वाटलं, छोटीची चौकशी करायला. केलीही. मग बाकावर माझ्या शेजारी बसली आणि बुटकीचं सांगायला लागली.

बुटकी काम गेल्यापासून दर आठवड्याला प्रयोगशाळेत जाऊन नमुना देतेय. कुणी बोलावलेलं नाही. "माझ्यात काही नाही हे कागदावर द्या," म्हणते. सगळे चांगले आले. काडीवाली म्हणाली, "एकीच्या बाबतीत इतके नमुने माझ्या हातात कधीच नव्हते. म्हणून मी बाकीच्यांचे परत काढून पाहिले. तुमचा एकच आहे, मावशी."

"चांगला आला होता ना?"

"हो. पण एकावरून काही ठरत नाही. म्हणूनच तीन मागितले होते." मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी टायफॉईड झाला होता?"

मी सांगितलं. लहान असताना, ताईला आणि मला एकाच वेळी. ताई लवकर उठली, मी कितीतरी दिवस अंथरुणात होते. आई म्हणायची, ही वाचली हे नवलच.

"आणि पोटात उजव्या बाजूला कधी दुखतं?"

मला या बाईचा भयंकर राग आला. पोर आत मरणाच्या दारातून परत येतेय आणि ही माझं पित्त विचारतेय. तरी राहिलेल्या दोन नमुन्यांच्या डब्या घेतल्या. तिने पोटाची सोनोग्राफीही करून घ्यायला सांगितली. "आणि तो नखांचा ब्रश," ती म्हणाली, "बुटकीने सांगितला मला. मी आले तेव्हा तो कुठे होता?"

"माझ्या खिशात," मी म्हटलं. तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, बुधवार

ब्रश आणि कप दोन्ही नेऊन दिले. सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे आहेत. अर्ध्या गावाच्या पोटात असतात, असं तिथला माणूस म्हणाला. म्हणजे त्यात विशेष काही नाही. छोटी आज दोन चमचे पाणी प्यायली.

२४ मार्च, मंगळवार

माझ्या दुसऱ्या नमुन्यात जंतू नाही. तिसऱ्यात आहे. ब्रशमध्ये आहे. मुलींच्या रक्तात जो सापडला आणि छोटीच्या रक्तात जो सापडला, तोच.

काडीवालीने कागदावर आकृती काढून समजावलं. लहानपणीचा ताप गेला पण काही जंतू पित्ताशयात राहिले. तिथे खडे. खड्यांवर ते टेकले, चिकटले, आणि फळीवर होता तसाच थर करून बसले. त्या थरात ना औषध शिरतं ना शरीराची शक्ती. माणूस धडधाकट. मधूनच एखादा तुकडा सुटतो, पित्ताबरोबर आतड्यात उतरतो आणि बाहेर पडतो. रोज नाही. पहिला नमुना दिला त्या दिवशी नव्हता, एवढंच.

आणि ब्रश. संडासातून आले की मी त्यानेच नखं घासत होते. कायम ओला. केसांच्या बुडाशी थर धरलेला. ब्लीचचं पाणी एका दिवसात नरम पडतं, मी आठवडाभर तेच ठेवत होते. त्याच ब्रशने आचाऱ्याचे हात, बुटकीचे हात. पण त्यांचं पुढे विस्तवावर जायचं. माझं तेवढं सॅलड तसंच ताटात जायचं. मी सुट्टीवर गेले, सॅलड बंद झालं, ताप थांबला.

मी विचारलं, "छोटीला परत आला तो? घरी भरवत होते त्यामुळे?"

तिने आकृतीच्या कागदाची घडी घातली. "टायफॉईड आपणहूनही उलटतो, मावशी. बऱ्याच जणांना उलटतो. आतड्याला भोकही त्यातूनच पडतं. नक्की सांगता येणार नाही."

तिने दयेने सांगितलं की खरं म्हणून, मला कळत नाही. आणि कळायचा मार्गही नाही.

पडल्या पडल्या हात पुढे करायची ती. एकेक नख.

२६ मार्च, गुरुवार

बुटकीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. ती दाराची कडी धरून ऐकत होती. आत तिच्या सुनेने गॅस बंद केला, ऐकायला असावा.

"मी रेक्टरबाईंना सांगितलंय," मी म्हटलं, "उद्यापासून ये. पगार मधला सगळा मिळेल."

"मला दुसरीकडे लागलंय काम," बुटकी म्हणाली. "कपडे धुवायचं. तिथे कुणी नखं बघत नाही."

मी पाय धरायला वाकले तर मागे सरली. घाबरून सरली. माझ्या हातांकडे बघत होती. मी हात पाठीमागे घेतले. मग तीच म्हणाली, "छोटी कशी आहे?" मी सांगितलं. "तिला सांगा, विचारलं म्हणून." आणि दार लावलं, हळूच.

२ एप्रिल, गुरुवार

छोटीला सांगायचं कसं, याचा विचार करत होते. तिला आधीच माहीत होतं. काडीवालीने तिचं रक्त दोनदा नेलं तेव्हाच तिने विचारून घेतलं होतं. इतके दिवस मला कळू दिलं नाही.

"तू मुद्दाम केलंस का?" ती म्हणाली. "मग झालं."

झालं कसं? तिच्या पोटावर वरपासून खालपर्यंत टाके आहेत. मी तसं बोलून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. रागावली असेल किंवा दमली असेल. तिच्या पाठीवरून हात फिरवायला उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

९ एप्रिल, गुरुवार

पित्ताशय काढलं. औषधं आहेत, नुसत्या औषधाने खड्यावरचे निघत नाहीत म्हणून काढणंच बरं, असं डॉक्टर म्हणाले. खडे एका बाटलीत घालून दाखवले. हरभऱ्याएवढे, काळपट हिरवे. मी वाट बघत होते काहीतरी भयंकर दिसेल. गुळगुळीत होते, नुसते.

मी बाटली परत दिली. घरी न्यायची आहे का, विचारत होते.

१९ एप्रिल, रविवार

घरी दोघी रोगी. शेजारची डबा पाठवते. मी काही करायचं नाही, नमुने येईपर्यंत. माझी भांडी वेगळी, टॉवेल वेगळा. हे कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं. छोटी म्हणाली, "आता तू जास्त करतेयस." मी म्हटलं, राहू दे.

वसतिगृहातून रेक्टरबाई आल्या होत्या. फुलं आणली. खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, "कोठीचं काम आहेच मावशी, किल्ली तुमचीच." कोठी म्हणजे आता कोठीच. कबूल केलं.

४ मे, सोमवार

दोन नमुने चांगले. अजून येत राहतील, वर्षभर द्यायचे आहेत. आता मी न सांगता देते. डबी घेऊन जाताना खाली, पायरीवर मांजर झोपतं त्या दुकानाचा मालक विचारतो, "मावशी, आज काय नेताय?" मी म्हणते, प्रसिद्धी नको आहे मला. छोटी हे ऐकून हसली, पोट धरून. अजून हसलं की दुखतं तिला.

१० मे, रविवार

आज सकाळी छोटी पहिल्यांदा स्वयंपाकघरात उभी राहिली. म्हणाली, डब्याचा कंटाळा आला, आज मी करते, तू नुसती बस. मी दारापाशी स्टुलावर बसले. हात मांडीवर.

नवा ब्रश मी आणलेला नाही. तिने साबणाने हात धुतले, स्वच्छ पुसले, कोरडे केले. भात लावला. भाजी केली. मग टोपलीतून काकडी काढली, गाजर काढलं. मला वाटलं होतं ती सॅलड करणार नाही. सोलताना साल जाड जात होती. तोंडापर्यंत आलं होतं सांगायचं, गिळलं.

सगळं एका भांड्यात घातलं, लिंबू पिळलं, मीठ घातलं. आणि थांबली. भांडं कट्ट्यावर होतं, मी तिथून हाताच्या अंतरावर. इतकी वर्षं तिने ते भांडं माझ्यापुढे सरकवलंय. मला दिसलं, तिचा हात भांड्याकडे गेला, सवयीने माझ्या दिशेने सरकवायला. बोटभर सरकवलंही.

मग तिने खण उघडला आणि चमचा काढला.

माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. ती चमच्याने कालवत राहिली, जरा जास्तच वेळ. काकडी चेंगरली. भांड्याच्या बुडाशी पाणी सुटलं.

ताटं घेतली. तिने आधी मला वाढलं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, छान झालंय. दोनदा मागून घेतलं.